वापर रास्त, पण पुस्तक आणले कुठून?

हिंगोली तालुक्यातले नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. शेजारच्या औंढा नागनाथाला त्यांची आणि विसोबा खेचरांची गाठ पडली, हेही इथल्या लेकराबाळांना ठाऊक असते. नामदेवांचे अभंग कुणाच्या मालकीचे नाहीत. कीर्तनकार त्यांचा अभंग घेऊन दोन तास उभा राहतो, त्याला कुणाची परवानगी काढावी लागत नाही. शिखांच्या गुरु ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदे गेली, तीही कुणाला मोबदला न देताच.

मात्र 1970 साली महाराष्ट्र शासनाने नामदेवांची गाथा प्रसिद्ध केली. त्या ग्रंथाचे कायद्यातले स्थान निराळे आहे. अभंग साऱ्या जगाचे, पण त्यांच्यासाठी नव्याने लिहिलेली प्रस्तावना आणि टिपा शासनाच्या. सरकारी प्रकाशनावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढील वर्षापासून 60 वर्षे चालतो, म्हणजे 2030 च्या डिसेंबरपर्यंत. एकाच ग्रंथातला अर्धा मजकूर मोकळा आणि अर्धा राखीव. अशा ग्रंथाची पीडीएफ आज एखाद्या अभ्यासकाच्या फोनवर येते, तेव्हा दोन प्रश्न उभे राहतात. तिचे तो काय करणार, हा पहिला. ती त्याच्याकडे आली कुठून, हा दुसरा. आपल्या कायद्याने पहिल्या प्रश्नाचे उत्तर सविस्तर दिले आहे. दुसऱ्याला वाचकांनी, संस्थांनी आणि काही वेळा खुद्द सरकारनेही बगल दिली. गेल्या वीस-बावीस वर्षांतले ऑनलाइन पुस्तकांचे बहुतेक तंटे या दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन थांबले.

साठ वर्षांची मुदत

भारताचा कॉपीराइट कायदा 1957 चा, अमलात आला जानेवारी 1958 मध्ये. त्यातले कलम 52 वाचकांच्या आणि शिक्षकांच्या बाजूचे. खासगी अभ्यास, संशोधन, टीका, समीक्षा, बातमी, वर्गातले शिकवणे, परीक्षेतले प्रश्न अशा कामांसाठी लेखकाला न विचारता मजकूर घेता येतो, अशी ती यादी आहे. अमेरिकेत न्यायाधीश चार निकष लावून 'रास्त वापर' ठरवतात, आपल्याकडे संसदेने खाती पाडून दिली आहेत. काम त्या खात्यात बसले तर सवलत, नाहीतर नाही.

मुदतीचा हिशेबही याच कायद्यातला. मूळ तरतूद लेखकाच्या निधनानंतर 50 वर्षांची होती. रवींद्रनाथ टागोर 1941 साली गेले, म्हणजे 1991 संपताच त्यांचे साहित्य मोकळे होणार होते. ते विश्वभारतीच्या हातून जाऊ नये म्हणून अगदी शेवटच्या आठवड्यात, 28 डिसेंबर 1991 रोजी, वटहुकूम निघाला आणि मुदत 60 वर्षांची झाली. त्याचा परिणाम मराठी घरांपर्यंत पोचला. साने गुरुजी 1950 साली गेले. जुन्या हिशेबाने 'श्यामची आई' 2001 च्या पहिल्या दिवशी मोकळी झाली असती, प्रत्यक्षात ती 1 जानेवारी 2011 रोजी झाली. त्यानंतर कोणत्याही प्रकाशकाने ती छापावी, कुणीही स्कॅन करून महाजालावर ठेवावी, हरकत घेणारे कुणी उरले नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनाची हीच मुदत 2016 अखेर संपली.

मराठी पुस्तके स्कॅन करण्याचे काम मात्र या तारखांची वाट पाहत थांबले नव्हते.

सरकारी कपाटाला सरकारी कुलूप

कार्नेगी मेलन विद्यापीठातले राज रेड्डी यांनी दहा लाख पुस्तके संगणकावर आणण्याचा संकल्प सोडला होता. त्याची भारतीय शाखा म्हणजे डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेने, प्रा. एन. बालकृष्णन यांच्या पुढाकाराने, हे काम हाती घेतले. 2003 साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. देशभर स्कॅनिंग केंद्रे निघाली. महाराष्ट्रात औद्योगिक विकास महामंडळ आणि पुणे विद्यापीठ यांसारख्या संस्था या कामात होत्या. उताणे ठेवलेले पुस्तक वरून टिपणारी यंत्रे आली आणि पुढच्या दशकात पुस्तकांची संख्या काही लाखांवर गेली.

ज्याने ते संकेतस्थळ वापरले तो त्याच्या तऱ्हा विसरणार नाही. पुस्तक एका फाइलीत मिळत नसे. एकेक पान वेगळी प्रतिमा, ती उघडायला ब्राउझरमध्ये खास प्लगइन, आणि मधेच सर्व्हर बंद. मराठी नावे रोमन लिपीत अशी काही टंकलेली असत की पुस्तक शोधायचे तर आपणही चुकीचे स्पेलिंग काय असेल याचा अंदाज बांधायचा. लेखकाच्या जागी प्रकाशक, प्रकाशनाचे वर्ष भलतेच. मग काही हौशी प्रोग्रामरांनी सगळी पाने आपोआप उतरवून त्यांची एक पीडीएफ बांधणारी छोटी साधने लिहिली आणि फुकट वाटली. मराठवाड्यातल्या एखाद्या अभ्यासकाला शंभर वर्षांपूर्वीचे मासिक हवे असेल तर पूर्वी पुण्या-मुंबईची गाडी पकडावी लागे, तिथे ओळख काढावी लागे. आता रात्रभर संगणक चालू ठेवला की सकाळी पाने हजर असत.

या संग्रहात मुदत संपलेली पुस्तके होती, तशी न संपलेलीही होती. स्कॅन करताना प्रत्येक पुस्तकाचा लेखक कधी वारला, वारस कोण, हक्क कुणाकडे, हे तपासायला हवे होते. ज्या यादीत लेखकाचे नावच धड नाही, तिथे निधनाचे वर्ष कोण शोधणार? अखेर 2017 च्या सुमारास स्वामित्वहक्काचे कारण देऊन ही सेवा थांबवण्यात आली. ज्या पुस्तकांबद्दल कसलाही वाद नव्हता, तीही कुलपाआड गेली.

तोवर त्यांची प्रत दुसरीकडे गेली होती. सरकारी कागदपत्रे लोकांना मोकळी करून देण्याचे व्रत घेतलेले अमेरिकेचे कार्ल मालामुद यांनी यातली चार लाखांहून अधिक पुस्तके उतरवून इंटरनेट आर्काइव्हवर चढवली. एखाद्या पुस्तकाच्या मालकाने हरकत घेतली तर ते काढायचे, बाकीची राहू द्यायची, असा त्यांचा रिवाज. त्यामुळे आज जुन्या मराठी पुस्तकांचा शोध घेणारा माणूस फार वेळा सॅन फ्रान्सिस्कोतल्या संस्थेच्या दारात पोचतो. पुस्तके आपली, स्कॅनिंगचा खर्च आपल्या तिजोरीचा आणि प्रत परक्या सर्व्हरवर.

कायदा इथे अगदीच मुका नव्हता. 2012 च्या दुरुस्तीने ग्रंथालयांसाठी नवे पोटकलम आले. विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी पुस्तकाची डिजिटल प्रत ठेवता येईल, पण त्या पुस्तकाची छापील प्रत ग्रंथालयाकडे आधीपासून असली पाहिजे. भारतात विकत न मिळणाऱ्या पुस्तकाच्या तीनपर्यंत प्रती काढण्याची मुभा तर आधीपासूनच होती. कायद्याने इथे 'आले कुठून' हा प्रश्न विचारला आणि उत्तरही सांगितले, की आधी कपाटात पुस्तक हवे.

झेरॉक्सचा खटला

दुरुस्ती अमलात आली जून 2012 मध्ये. दोनच महिन्यांनी दिल्लीत एक दावा दाखल झाला, त्याची धास्ती देशातल्या प्रत्येक कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याला वाटायला हवी होती. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातले रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसेस हे दुकान यांना न्यायालयात खेचले. अभ्यासक्रमात लावलेली वेगवेगळ्या पुस्तकांतली प्रकरणे एकत्र बांधून हे दुकान विद्यार्थ्यांना विकत असे. दर पानाला चाळीस पैशांच्या आसपास. एवढ्याशा दुकानावर जगातली सर्वांत जुनी विद्यापीठीय प्रकाशनगृहे तुटून पडल्याने विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ज्यांच्या लेखनासाठी हा दावा चालला होता अशा कित्येक लेखकांनीच प्रकाशकांना विरोध केला, अमर्त्य सेन यांनीही दावा मागे घेण्याची विनंती केली.

न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी 16 सप्टेंबर 2016 रोजी दावा फेटाळला. आपल्या विद्यार्थिदशेत मुले ग्रंथालयात बसून पानेच्या पाने हाताने उतरवून घेत, हे त्यांनी निकालात नमूद केले. हाताने उतरवणे चालत असेल तर तेच काम यंत्राने केल्याने गुन्हा होत नाही, असा त्यांचा रोख होता. डिसेंबरमध्ये न्या. प्रदीप नंदराजोग आणि न्या. योगेश खन्ना यांच्या खंडपीठाने तत्त्व कायम ठेवले. किती टक्के पाने काढली हा निकष नाही, शिकवण्याच्या कामापुरते घेतले की नाही हा निकष, असे सांगून तेवढा मुद्दा तपासण्यासाठी प्रकरण खाली पाठवले. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

हा निकाल विद्यार्थ्यांचा विजय म्हणून गाजला आणि तो होताच. त्यातली एक गोष्ट मात्र जल्लोषात मागे पडली. ज्या पुस्तकांची प्रकरणे झेरॉक्स झाली, ती विद्यापीठाच्या ग्रंथालयात होती. कुणीतरी पैसे मोजून ती आणली होती, शिक्का मारून कपाटात लावली होती. न्यायालयाने वापर रास्त ठरवला तो या पायावर. पुस्तकच चोरवाटेने आलेले असते तर काय, हा प्रश्न त्या खटल्यात उद्भवलाच नाही.

पाच सप्टेंबर, सोळा सप्टेंबर

एंडलॉ यांच्या निकालाच्या अकरा दिवस आधी, 5 सप्टेंबर 2016 रोजी, जिओची सेवा सुरू झाली. पुस्तकांच्या इतिहासात जिओची तारीख निकालाच्या तारखेपेक्षा मोठी ठरली. डेटा जवळपास फुकट झाला आणि झेरॉक्सच्या दुकानाचे काम व्हॉट्सॲपच्या ग्रुपने उचलले.

हिंगोली हा 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळा झालेला जिल्हा. विद्यापीठ नांदेडचे. मोठी ग्रंथालये लांब, पुस्तकांची दुकाने मोजकी, आणि पोलीस भरतीपासून राज्यसेवेपर्यंत परीक्षा देणाऱ्या पोरांची संख्या इथेही मराठवाड्यातल्या इतर जिल्ह्यांसारखीच दांडगी. अशा ठिकाणी 'सर, पीडीएफ असेल तर टाका ना' हे वाक्य अभ्यासिकेच्या रोजच्या बोलण्यातले आहे. हजार रुपयांचा संदर्भग्रंथ, क्लासच्या छापील नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सगळे एकाच ग्रुपवर, एकाच आकाराचे, एकाच किमतीचे. म्हणजे फुकट. त्यात आयोगाची प्रश्नपत्रिका कुठली आणि कुणाच्या दहा वर्षांच्या कष्टाचे पुस्तक कुठले, हे फाइलीच्या नावावरून कळत नाही. पुस्तक टाकणाऱ्याला वाटते, आपण गरिबाला मदत केली. मराठी पुस्तकाची आवृत्ती आधीच लहान असते. तिच्या प्रती पडून राहिल्या की पुढची आवृत्ती निघत नाही आणि लेखकाला मानधन मिळत नाही. पुस्तक टाकणाऱ्याला हे कुणी सांगितलेले नसते.

टाळेबंदीत वर्तमानपत्रांची ई-पेपर आवृत्ती सकाळी सहाला ग्रुपवर पडू लागली. दैनिक जागरणने टेलिग्रामविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली आणि मे 2020 मध्ये वाहिन्या बंद करण्याचा आदेश मिळवला. स्पर्धा परीक्षांच्या शिक्षिका नीतू सिंह यांच्या पुस्तकांच्या आणि व्याख्यानांच्या चोरीबद्दल 2022 च्या ऑगस्टमध्ये न्या. प्रतिभा सिंह यांनी टेलिग्रामला वाहिनीचालकांचा तपशील उघड करायला सांगितले. आमचे सर्व्हर परदेशात, हा बचाव चालला नाही. कलम 52 मधली खासगी अभ्यासाची सवलत वाचणाऱ्याला आहे, हजारोंना वाटणाऱ्याला नाही, ही रेघ इथे स्पष्ट झाली.

बंद खोलीतल्या डिस्क

झेरॉक्स निकालाचा सर्वांत धाडसी अर्थ लावला पुन्हा मालामुद यांनीच. 2019 च्या जुलैमध्ये 'नेचर' नियतकालिकाने त्यांच्या नव्या उद्योगाची बातमी दिली. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, जैवमाहितीशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू लिन यांच्या साथीने, 7 कोटी 30 लाख शोधनिबंधांचा साठा उभा राहत होता. 576 टेराबाइटचा. तो इंटरनेटला जोडायचा नाही. संशोधकाने तिथे यायचे, निबंध वाचायचा नाही की उतरवायचा नाही, फक्त संगणकाला त्यातून रसायनांची, जनुकांची नावे आणि त्यांचे संबंध शोधायला लावायचे. माणूस वाचतच नाही तर नक्कल कसली, आणि संशोधनासाठी नक्कल असली तरी दिल्लीच्या निकालाने ती रास्तच, असा युक्तिवाद.

हे निबंध आले कुठून? सायहब या संकेतस्थळावरचे लाखो निबंध असलेल्या आठ डिस्क मालामुद यांच्या हाती आल्या होत्या. त्या कशा आल्या हे त्यांनी सांगितले नाही आणि नेहरू विद्यापीठातल्या साठ्यात त्याच आहेत का, यालाही दुजोरा दिला नाही. वापराबद्दल पानभर युक्तिवाद, उगमाबद्दल मौन. रामेश्वरीच्या निकालावर बांधलेल्या या इमारतीला रामेश्वरीचा पायाच नव्हता.

कझाकस्तानच्या अलेक्झांड्रा एल्बाक्यान यांनी 2011 साली सायहब सुरू केले. प्रकाशकांच्या पैसे मागणाऱ्या दारातून निबंध बाहेर काढून सर्वांना देणारे हे ठिकाण. 'सायन्स' नियतकालिकाने 2015-16 मधल्या सहा महिन्यांची नोंद तपासली तेव्हा भारतातून 34 लाख मागण्या गेल्याचे आढळले. चीनच्या खालोखाल. एका निबंधाला तीसेक डॉलर मोजणे जिल्ह्याच्या ठिकाणच्या प्राध्यापकाला सोडाच, महानगरातल्या संस्थांनाही जड होते. डिसेंबर 2020 मध्ये एल्सेव्हिअर, वायली आणि अमेरिकन केमिकल सोसायटी यांनी दिल्ली उच्च न्यायालयात सायहब बंद करण्याची मागणी केली, तेव्हा भारतीय शास्त्रज्ञ मधे पडले. आमचे संशोधन यावर चालते, आम्हालाही ऐका, असे त्यांचे म्हणणे. एल्बाक्यान यांनी नवे निबंध न चढवण्याची हमी दिली. ती मोडल्याचे ठरून ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने संकेतस्थळ रोखण्याचा आदेश दिला.

दरम्यान दुसरीकडे सरकारने सरळ खिशात हात घातला होता. 25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 हून अधिक सरकारी संस्था. जानेवारी 2025 पासून नांदेडसारख्या राज्य विद्यापीठातल्या संशोधकालाही पुढच्या दाराने निबंध मिळण्याची सोय झाली. चोरवाट बंद करण्याचा हुकूम आला तो पुढचे दार उघडल्यानंतर, आणि म्हणून त्याला काही अर्थ राहिला.

यंत्राने वाचले तर

मालामुद यांच्या बंद खोलीतला प्रश्न पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपन्यांनी जगाच्या चव्हाट्यावर आणला. त्यांच्या यंत्रांना शिकायला पुस्तके लागतात, लाखोंनी लागतात. जून 2025 मध्ये कॅलिफोर्नियातले न्यायाधीश विल्यम अलसप यांनी अँथ्रोपिक कंपनीविरुद्ध लेखकांनी आणलेल्या दाव्यात हे दोन प्रश्न सुरीने कापावे तसे वेगळे केले. पुस्तकांवर यंत्राला शिकवणे रास्त. विकत घेतलेली पुस्तके फाडून, स्कॅन करून ठेवणेही रास्त. मात्र चोरीच्या संग्रहांतून उतरवलेल्या सत्तर लाखांहून अधिक प्रतींचा साठा करणे रास्त नव्हे, पुढे उपयोग कितीही चांगला असो. त्यानंतर कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. पुस्तकामागे सुमारे तीन हजार डॉलर.

तो अमेरिकेतल्या खालच्या पायरीवरच्या न्यायालयाचा निकाल आणि तिथल्या कायद्यापुरता. पण नोव्हेंबर 2024 मध्ये एएनआय वृत्तसंस्थेने ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, तेव्हा न्या. अमित बन्सल यांनी सुरुवातीलाच मुद्दे काढले, त्यांतही मजकूर साठवणे हा एक आणि त्यातून उत्तरे देणे हा दुसरा. दिल्लीतल्या झेरॉक्सच्या दुकानात जो प्रश्न विचारावा लागला नाही, तो आता यादीत पहिल्या क्रमांकावर आला आहे.

मराठी पुस्तक या सगळ्यात कुठे बसते? सदस्यत्वाच्या योजनेत ते नाही, ती प्रामुख्याने इंग्रजी नियतकालिकांची. साहित्य संस्कृती मंडळाची कित्येक पुस्तके आणि विश्वकोश शासनाने संकेतस्थळावर मोफत ठेवले, हे पुढचे दार आहे आणि ते वापरले जाते. मुदत संपलेल्या लेखकांसाठी मराठी विकिस्रोत आहे. अडचण मधल्या काळातल्या पुस्तकांची आहे. गेल्या साठ वर्षांत गेलेल्या लेखकांची, आवृत्ती संपलेली, प्रकाशक बंद पडलेला, वारस विखुरलेले. ती विकत मिळत नाहीत आणि कायद्याने मोकळीही नाहीत. हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव-कळमनुरीचा विद्यार्थी ती मिळवणारच, आणि आज त्याला टेलिग्रामखेरीज जागा नाही. तीन प्रती काढण्याची मुभा आणि जतनाचे पोटकलम या दोन्ही तरतुदी आपल्या अनुदानित वाचनालयांच्या हातात आहेत. सायहबच्या बाबतीत सहा हजार कोटींनी जे साधले, ते या पुस्तकांच्या बाबतीत वाचनालयाला एक स्कॅनर आणि हक्कांची तपासणी करणारा एक माणूस देऊन बऱ्याच अंशी साधेल. ते न करता पोराला चोर म्हणणे सोपे आहे. चाळीस पैशांच्या दुकानावर दावा लावणाऱ्यांनीही तोच सोपा मार्ग धरला होता, आणि शेवटी त्यांनाच माघार घ्यावी लागली.